शाळा आणि दुकानं मोबाईलवर गेली, पण काम कुणाच्या अंगावर पडलं?

वहीवाला

राम राम मंडळी. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं शालेय साहित्याचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. वह्या, पुस्तकं, गणवेश, दप्तरं. शाळा बदलली की आम्ही बदलायचं, बाजार बदलला की पुन्हा बदलायचं. दोन्हीकडून रेटा येतो, म्हणून हा धागा काढतोय.

पूर्वी एप्रिल संपता संपता शाळा वर्गवार यादी फलकावर लावायची आणि एक प्रत शिपायाबरोबर आमच्याकडे यायची. तिच्यावरून माल भरायचा. 'पाचवी ब' म्हटलं की गठ्ठा तयार. आता यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ होऊन पडते. आम्ही पालक नाही, त्यामुळे आम्हाला ती मिळत नाही. मग पालक त्या पीडीएफचा फोटो काढून, तोही तिरका, दुकानाच्या नंबरवर टाकतात. "काका, काढून ठेवा, संध्याकाळी येतो." दोन दिवसांनी शाळा यादी दुरुस्त करते. दुरेघीच्या जागी चौरेघी, 100 पानीच्या जागी 200 पानी. नवी यादी येते, पण जुनीही फिरत राहते. भांडण मात्र काउंटरवर, माझ्याशी.

लॉकडाऊनमध्ये मी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं. कॅटलॉग केला, लेबलं लावली: 'पैसे आले', 'माल बाकी', 'माप बदलून हवं'. सोय झाली हे कबूल. पण जूनमध्ये दुकानाबाहेर लागणारी रांग आता फोनमध्ये लागते, आणि शटर ओढलं तरी ती हटत नाही. रात्री अकराला "काका, आहात का?" आणि उत्तर नाही दिलं तर सकाळी "तुम्ही बघितलंत, निळी खूण आली होती."

पैशाचं एक बरं झालं. सुट्ट्यांची कटकट गेली. 2020 च्या जानेवारीपासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही. पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणाऱ्या बोलक्या डब्याचं महिन्याला भाडं जातं, पण तो ठेवावाच लागतो. गर्दीत जुना स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे कमी नाहीत. डबा बोलला तरच पैसे आले, असं दुकानातल्या पोराला सांगून ठेवलंय.

खरी धास्ती वेगळीच आहे. शहराकडच्या काही खासगी शाळा आता वह्या-पुस्तकांचा पूर्ण संच शाळेच्या अ‍ॅपवरून घ्यायला लावतात. लिंक दाबा, पैसे भरा, खोकं घरी. विशिष्ट दुकानाची सक्ती करू नये असं शासन पूर्वीपासून सांगत आलंय. पण लिंकला सक्ती म्हणायचं की सोय?

तर प्रश्न असा. हे सगळं 'सोपं' झालं म्हणतात, पण माझ्या मते काम कमी झालेलं नाही. शाळेचं थोडं पालकांकडे, पालकांचं माझ्याकडे, बँकेचंही माझ्याकडे असं ते सरकत आलंय. तुमच्याकडे काय चित्र आहे? शिक्षक, पालक, धंदेवाले, सगळ्यांनी लिहा.

खडूफळा

वहीवाले काका, तुमच्याकडे सरकलं म्हणता, ते आमच्याकडून पुढे गेलेलं असेल असं समजू नका. आमच्याकडे वरून येतं आणि इथेच साठतं.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातला एक प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या कामाला किंवा केंद्रावर बैठकीला गेला की उरलेला एकच. आता पोर्टलं मोजा. विद्यार्थ्यांची माहिती आधी सरलवर भरली, 2015 पासून. मग यू-डायस प्लसवर. पगाराला शालार्थ. पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी, किती ताटं जेवली ते. डिसेंबर 2023 पासून हजेरीही स्विफ्टचॅट अ‍ॅपवर. आता अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक. प्रत्येक ठिकाणी तेच नाव, तीच जन्मतारीख, तोच आधार क्रमांक, आणि एका ठिकाणचं दुसरीकडे आपोआप जात नाही.

गंमत नाही, त्यावर नोकऱ्या टांगलेल्या आहेत. संचमान्यतेला, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार वैध असलेलेच विद्यार्थी धरतात. ऊसतोड कामगाराचं पोर वर्गात समोर बसलेलं असतं, पाढे म्हणत असतं, पण आधारवर नाव 'गणेस' आणि जनरल रजिस्टरला 'गणेश' म्हणून ते पटावर असूनही नसतं.

फोन स्वतःचा, डेटा स्वतःचा. ग्रुपवर संदेश येतो: "अत्यंत महत्त्वाचे. आज दुपारी 4 पर्यंत लिंक भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे." वर्गात शिकवत असलो तर पाहिला नाही म्हणून केंद्रप्रमुखांचा फोन. उपक्रम केला तर फोटो, वृक्षारोपण केलं तर फोटो. 2024 च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांच्या पत्राबरोबर मुलांचे आणि पालकांचे सेल्फी चढवायचे होते. आमच्या वाडीत निम्म्या पालकांकडे साधा फोन. मग एकाच फोनवर सगळ्यांचे फोटो काढत मी घरोघर फिरलो. त्या दिवशी शिकवणं झालं नाही.

तरी मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असं कुणी लिहू नका. दहा वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेनं डिजिटल वर्ग करून दाखवला आणि राज्यभरचे शिक्षक ती शाळा बघायला गेले. आम्ही लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला तो त्याच काळात. परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड टाकले, आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड आले. 2020 चं जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांना मिळालं तेव्हा आमच्या वाडीत पेढे वाटले. दहा लाख डॉलरची रक्कम, आणि त्यातली निम्मी त्यांनी इतर अंतिम फेरीतल्या शिक्षकांना दिली. ते सगळं शिक्षकांनी आपणहून केलं होतं, मुलांना कळावं म्हणून. आताचं जे चाललंय ते वरच्या साहेबाला कळावं म्हणून. यंत्र तेच, पण तोंड फिरलेलं.

पंतोजी

खडूफळा, तळमळ पोचली. पण मी 34 वर्षं माध्यमिकला काढून निवृत्त झालोय, तेव्हा थोडी दुसरी बाजू.

कागदाच्या काळात काम कमी होतं हे कुणी सांगितलं? तीन प्रतींत माहिती, मध्ये कार्बन. मार्चमध्ये जिल्ह्याला स्वतः नेऊन द्यायची, एसटीनं. तिथला बाबू म्हणणार, "मागच्या वर्षीच्या नमुन्यात का आणलीत?" पगाराची बिलं अडकली की दोन-दोन महिने उसनवारी. शालार्थनं ते बऱ्यापैकी थांबवलं.

आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलचं नाव तुम्ही घेतलं नाही. 2017 मध्ये ते आलं तोवर खासगी अनुदानित संस्थेत शिक्षक व्हायला किती 'देणगी' लागायची हे या धाग्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर नाव लागून गरिबाघरची पोरं एक पैसा न देता मास्तर झाल्याची उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत. भरती वर्षानुवर्षं रखडली, हे खरं. पण पोर्टल म्हणजे फक्त जाच नव्हे. ज्या ठिकाणी माणूस मध्ये बसून पैसे खात होता, त्या ठिकाणी ते उपयोगी पडलं. जिथे मध्ये कुणी नव्हतंच, फक्त शिक्षक आणि मूल होतं, तिथे ते मध्ये येऊन बसलं. एवढा फरक केला तर भांडण मिटेल.

टिवल्याबावल्या

पंतोजी, हे शेवटचं वाक्य मंत्रालयाच्या दारावर लावा.

बाकी 'निरंक असल्यास निरंक कळवावे' वाचून डोळे भरून आले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं तर 40 जण 'मला माहीत नाही' असं कळवतात. यांना सरकारी नोकरीत घ्या.

केंद्रचालक

मी महा ई-सेवा केंद्र चालवतो. आधी नेट कॅफे होता, त्याआधी एसटीडी बूथ. म्हणजे दर दहा वर्षांनी पाटी बदलतो. माझं घर याच पोर्टलांवर चालतं, खोटं कशाला बोलू.

अकरावीचं सांगतो. 2025 पर्यंत ऑनलाईन प्रवेश मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरी भागांपुरताच होता. त्या वर्षी तो पूर्ण राज्याला लागू झाला. आमच्या तालुक्यात कॉलेजं मोजकी. पोरं दहावी झाली की शेजारच्या ज्युनियर कॉलेजात जायची, अर्ज भरायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बसायची. आता त्याच कॉलेजात त्याच जागेवर बसायला नोंदणी, पसंतीक्रम, फेरी, वाटप. 21 मे ला सुरू व्हायचं होतं, पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं, मग 26 पासून घेतलं. त्या पाच दिवसांत माझ्या दारात जी माणसं बसली होती, त्यातली निम्मी शेतातलं काम टाकून आलेली.

लोक म्हणतात, प्रत्येकाकडे मोबाईल आहे, मग केंद्रात कशाला जातात? कारण ओटीपी बापाच्या नंबरवर जातो, आणि बाप ऊसतोडीला किंवा मुंबईला. कधी तो नंबर बंद पडून दुसऱ्याला गेलेला असतो. कारण पसंतीक्रमात दहा कॉलेजं टाकता येतात, आणि पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांत थांबावं लागतं, हे त्या स्क्रीनवर दिसतं पण कळत नाही. एका पोरीनं मैत्रिणीबरोबर म्हणून पहिलं कॉलेज 30 किलोमीटरवरचं टाकलं होतं. मी विचारलं, एसटी किती वाजता आहे तिकडे? तिनं गप्पपणे क्रम बदलला. ते विचारणं पोर्टलमध्ये नाही. ते करतो म्हणून मला पैसे मिळतात.

काम सरकलं का? हो, माझ्याकडे सरकलं. आणि त्याचे पैसे पालक देतात. शाळेत कारकून असता तर हे फुकटात झालं असतं.

चिंगीची आई

पुण्यातून लिहितेय, खासगी शाळा. आमच्याकडे वर्गाचा ग्रुप, शाळेचं अ‍ॅप, बसचा ग्रुप, आणि 'ऑफिशियल नाही' असं नाव असलेला पालकांचा ग्रुप, ज्यावर खरी माहिती मिळते. रात्री 9:50 ला निरोप: उद्या हिरवा ड्रेस, पालेभाजी दिन. मग 30 जणींचं "नोटेड मॅम". केंद्रचालक, तुमच्यासारखं कुणी आमच्याकडे असतं तर मी महिन्याचे पैसे बांधून दिले असते.

पण माझा मुद्दा दुसरा आहे. रील्स. शाळेच्या इन्स्टाग्रामवर आठवड्याला तीन-चार तरी. प्रवेशाच्या दिवसांत रोज. पहिलीतली मुलं, जवळून चेहरे, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव आणि तुकडी वाचता येते. मागे चालू गाणं. बाईंनाही नाचायला लावतात. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की त्यांना ते नकोय. मी विचारलं तेव्हा ऑफिसातून सांगितलं, "प्रवेशाच्या अर्जावर तुमची सही आहे." काढून पाहिलं, खरंच आहे, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. 'शाळेच्या प्रसिद्धीसाठी'.

2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असं आहे ना? आणि दिलेली संमती मागे घेता येते ना? जाणकारांनी सांगावं.

आणखी एक. बदलापूरनंतर, ऑगस्ट 2024 मध्ये, शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. ते हवेच होते. पण आता काही पालकांना वर्गातलं चित्र थेट मोबाईलवर हवंय. म्हणजे माझ्या मुलीवर लक्ष ठेवताना तुमच्या मुलीलाही मी बघणार. मला हे पटत नाही, आणि ग्रुपवर एकटी पडलेय.

जमाखर्च

@चिंगीची आई: दोन्हींचं उत्तर हो. संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असंही त्याच कायद्यात आहे. भांडायला जाऊ नका, मुख्याध्यापकांना साधं पत्र द्या: अमुक तुकडीतल्या माझ्या पाल्याचा चेहरा दिसेल असं चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्यास संमती नाही. पोच घ्या. बहुतेक शाळा लेखी पत्र आलं की गप्प मुलाला मागच्या रांगेत उभं करतात. आदर्श नाही, पण चालतं.

@वहीवाला: मी साताऱ्यात छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. तुमच्यासारख्यांना क्यूआरची खरी किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते, डब्याच्या भाड्यात नाही.

पहिलं, कर. बंगळुरूत जुलै 2025 मध्ये काय झालं आठवतं का? कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या आणि रातोरात बेकऱ्या, चहाच्या टपऱ्यांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. ज्या भाजीवर, दुधावर कर नाही ते विकणारेही त्यात सापडले. खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्री नसतो. भिशीचे पैसे, मेव्हण्यानं परत केलेले पैसे, सगळं एकाच क्यूआरवर घेतलं की नंतर वेगळं काढता येत नाही. तेव्हा दुकानाचं खातं वेगळं ठेवा, आजच. आणि एक गैरसमज: 22 सप्टेंबर 2025 पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला, छापील पुस्तकांवर आधीही नव्हता. पण तुम्ही गणवेश आणि दप्तरंही विकता, ती करपात्र. त्यामुळे वर्षाची एकूण उलाढाल, करमुक्त मालासकट, 40 लाखांवर गेली की नोंदणी लागते. 'माझा माल तर वह्यांचा' हे चालत नाही.

दुसरं, खातं गोठणं. कुठे तरी सायबर फसवणूक होते, ते पैसे चार-पाच खात्यांतून फिरतात, त्यातला कुणी तुमच्याकडून 600 रुपयांचं दप्तर घेतो. तक्रार 1930 वर गेलेली असते, साखळी शोधत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक ते थांबवते. माझ्या एका अशिलाचं खातं ऐन जूनमध्ये बंद झालं. बँकेत गेला तर म्हणाले, आदेश परराज्यातल्या पोलिसांचा आहे, त्यांच्याशी बोला. त्यांचा फोन लागेना. घाऊकवाल्याचा धनादेश परत गेला. अशा वेळी अर्ज करून वादातल्या रकमेपुरताच अडसर ठेवा, बाकी खातं मोकळं करा अशी मागणी करायची. केरळ उच्च न्यायालयानं 2023 मध्ये हीच भूमिका घेतली होती. विक्रीचं बिल दाखवता आलं पाहिजे, म्हणून 50 रुपयांचं का असेना, बिल फाडत जा.

वहीवाला

जमाखर्च, धागा काढल्याचं चीज झालं. वेगळ्या खात्याचं उद्याच बघतो. 'बिल फाडत जा' हे मात्र जूनच्या गर्दीत कसं जमवायचं ते माझ्या दुकानात एक दिवस उभं राहून दाखवा, चहा माझ्याकडून.

कातळावरची आमराई

देवगड. शाळेतलं मला ठाऊक नाही, आंब्याचं सांगतो. इथे उलटा अनुभव आहे, म्हणून लिहितोय.

आमचा बाप वाशीच्या घाऊक बाजारात पेट्या पाठवायचा. भाव दलाल सांगेल तो, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, येईल तेव्हा येईल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ऐन हंगामात बाजार विस्कळीत झाला. फळ झाडावर थांबत नाही. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर कुणी भाचा, कुणी चुलतबहीण होतीच. त्यांनी पेट्या लिहून घेतल्या, आम्ही टेम्पो भरून पाठवला. पैसे आधी खात्यात. आयुष्यात पहिल्यांदा खाणाऱ्याचं नाव कळलं. तेव्हापासून माझा निम्म्याहून जास्त माल असाच जातो. दलाल वाईट नव्हते, अडीनडीला उचल तेच द्यायचे. आता फेब्रुवारीत औषध फवारणीला पैसे लागले की कोण देणार, हा प्रश्न आहेच. इन्स्टाग्राम उचल देत नाही.

दुसरं, नकली. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसऱ्या राज्यांतला आंबा 'देवगड' छापलेल्या खोक्यात सर्रास विकला जातो. ऑनलाईन तर ऊतच. फोटो आमच्या बागेचा, फळ दुसरीकडचं. म्हणून आमच्या तालुक्याच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं 2025 च्या हंगामात प्रत्येक फळावर लावायचं स्टिकर काढलं. त्यावर कोड असतो, काही भाग वर दिसतो आणि काही स्टिकरच्या आत. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की आतला कोड कळतो, मग स्टिकर फाडून जुळवायचं. एकदा फाडलं की पुन्हा लावता येत नाही. बागायतदाराला स्टिकरं किती मिळणार ते त्याच्या झाडांवरून ठरतं, म्हणजे 100 झाडांचा धनी हजार झाडांचा माल विकू शकत नाही.

काम वाढलं? वाढलं. एकेका फळावर चिकटवायचं म्हणजे पॅकिंगला बायका जास्त लागतात. पण या कामाचे पैसे मलाच मिळतात, हा फरक. खडूफळा गुरुजींनी तीच माहिती चार ठिकाणी भरून त्यांना काय मिळतं?

काठपदर

वा, आमराईवाले दादा, शेवटचं वाक्य अगदी.

मी साड्या विकते, घरून. लाईव्ह करते आठवड्यातून दोनदा, रात्री साडेनऊला, जेवणं उरकल्यावर. "ताई, उजेडात दाखवा." "पदर पूर्ण उघडा." "किंमत?" जी आधी स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवेल तिची साडी. दोघींनी एकाच मिनिटाला पाठवले की माझी परीक्षा.

'किंमत इनबॉक्स केली आहे' याची इथे नेहमी टिंगल होते, म्हणून सांगते. किंमत उघड लिहिली तर शेजारची विक्रेती दहा मिनिटांत तोच फोटो 50 रुपये कमी करून टाकते. शिवाय 'किंमत?' 'किंमत?' अशा कॉमेंट आल्या की पोस्ट जास्त जणींपर्यंत जाते असं आम्हा सगळ्याजणींचं मत आहे. लबाडी म्हणा हवं तर.

मी मुळात टिकटॉकवर होते. 29 जून 2020 ला रात्री बंदी आली आणि सगळी गिऱ्हाईकं एका रात्रीत गेली, कारण कुणाचा नंबर लिहूनच ठेवला नव्हता. पुढच्याच महिन्यात रील्स आले म्हणून वाचले. आता प्रत्येक गिऱ्हाईकाचा नंबर वहीत. हो, कागदाच्या वहीत. वहीवाले दादा, आम्ही अजून तुमच्याच जिवावर आहोत.

मेलबर्नचा मुक्काम

इकडचं थोडं. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी शाळांत 2020 पासून फोनवर बंदी आहे, सकाळी आत गेल्यापासून सुटेपर्यंत. 10 डिसेंबर 2025 पासून देशभर 16 वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातंच ठेवता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप त्यातून वगळलंय, यूट्यूब आत आहे. न पाळल्यास दंड कंपनीला, पोराला किंवा पालकाला नाही. माझ्या मुलाच्या वर्गात त्यावर पळवाटांची चर्चा जोरात आहे, त्यामुळे फार भाबडी आशा नाही.

मला भावलं ते साधं आहे. शाळेचे सगळे निरोप, गैरहजेरी, सहलीची संमती एका अ‍ॅपवर. शिक्षक आपला खासगी नंबर पालकांना देत नाहीत आणि कुणी मागतही नाही. सुटल्यानंतर पाठवलेल्या निरोपाला उत्तर दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला मला हा उर्मटपणा वाटला होता, आपल्याकडची सवय. आता वाटतं, खडूफळांना एवढं जरी मिळालं तरी पुष्कळ.

कडेगावकर

वहीवाले काका आमच्याच भागातले दिसतात. मोहित्यांचे वडगाव कुणी सांगितलं नाही अजून? कडेगाव तालुका. 2022 च्या पंधरा ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं बाहेर गप्पांना. लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी हातात दिलेला फोन शाळा उघडल्यावर परत घ्यायचा कसा, यातून ते निघालं. परदेशी वाहिन्या येऊन गेल्या.

नातेवाईक आहेत तिथे, म्हणून सांगतो, सगळं गुळगुळीत नाही. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावं लागलं. तरी यात मला आवडतं ते असं, की पोरांना 'तू बंद कर' म्हणून आई-बापांनी स्वतः मालिका बघितली नाही. मेलबर्नकर, तुमच्या कायद्यात ही अट आहे का?

मेलबर्नचा मुक्काम

नाही. असती तर मीच पहिला दंड भरला असता.

चिंगीची आई

जमाखर्च, पत्र दिलं. पोच घेतली. बाई हळूच म्हणाल्या, "अजून दोघींना द्यायला सांगा, म्हणजे आमचंही नाचणं थांबेल."

खडूफळा, एक विचारायचं राहिलं. माझ्या भाचीचं अपार अडकलंय. आधारवर वडिलांचं पूर्ण नाव, शाळेत नुसतं आडनाव आणि तिचं नाव. शाळा म्हणते आधार बदला, आधारवाले म्हणतात शाळेतलं बदला. करायचं काय?

खडूफळा

ताई, आधी जन्मदाखला काढून बघा. त्यावर जे नाव आहे त्याच्याशी जे जुळत नाही ते बदलायचं. आधार चूक असेल तर आधार केंद्रावर दुरुस्ती. बोटांचे ठसे वयाच्या 5 व्या आणि 15 व्या वर्षी द्यावे लागतात, ते राहिले असतील तर त्याच फेरीत उरकून घ्या. रजिस्टर चूक असेल तर मुख्याध्यापकांकडे अर्ज, सोबत जन्मदाखल्याची प्रत. हे मूल शाळेत असेपर्यंत करून घ्या. एकदा शाळा सोडल्याचा दाखला निघाला की रजिस्टर हलवणं फार अवघड जातं.

आणि अपारसाठी पालकांचं संमतीपत्र लागतं, ते कोरं सही करून देऊ नका. आमच्याकडे अशी कोरी संमतीपत्रं गठ्ठ्यानं येतात, आणि मग नाव आम्ही आमच्या अंदाजानं भरतो. तिथेच पुढचा घोळ सुरू होतो.

केंद्रचालक

आधार केंद्रावर जाताना सकाळी लवकर जा. दुपारनंतर सर्व्हर चालत नाही. आणि आईचा नाही, जो नंबर आधारला जोडलाय तोच फोन बरोबर न्या.